फिरत्या छावणींतील विद्यार्थी

पंढरपूर तालुक्यांतील करकंब हें गांव आज उसाच्या मुलखांत मोडतें. १९८० सालीं भीमेवरील उजनीचें धरण पुरें झालें, कालव्याचें पाणी या बाजूस फिरलें, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीवर व आभाळावर अवलंबून असणारी ही जमीन हिरवी झाली. तेव्हांपासून दरवर्षीं दिवाळी उलटली कीं शिवारांत बैलगाड्या व ट्रॅक्टर येऊन थांबतात. बीडकडचीं व इतर दुष्काळी भागांतील ऊसतोडीचीं बिऱ्हाडें उतरतात आणि फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. पहांटेच्या अंधारांत आईबाप कोयता घेऊन निघतात; कोपीशीं राहतें तें मूल. त्याची शाळा दूर मागें आपल्या गांवीं असते. चार-पांच महिने तें मूल शिकतें तें काय, आणि शिकवितें तें कोण, हा प्रश्न ज्यांनीं तीं बिऱ्हाडें पाहिलीं आहेत त्यांच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

परंतु तंबूंत वाढणारें मूल या मुलखाला नवें नाहीं. करकंबच्या पश्चिमेस नीरेच्या कांठीं अकलूज आहे. पंढरपुराच्या खालच्या अंगास, भीमेच्याच कांठीं, मंगळवेढें तालुक्यांत माचणूरजवळ ब्रह्मपुरी आहे. दक्षिणेस सांगोलें तालुक्यांत माण नदीवर खवासपूर आहे. या तिन्ही ठिकाणीं सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेब बादशहाचा तळ पडला होता. त्यांपैकीं ब्रह्मपुरीचा तळ तर १६९५ च्या उन्हाळ्यापासून १६९९ च्या आक्टोबरापर्यंत, म्हणजे चार वर्षांहून अधिक, तेथेंच होता व गांवाचें नांव बदलून इस्लामपुरी असें ठेवलेलें होतें. याच फिरत्या छावणींत एक मराठा मुलगा आपल्या आईच्या सहवासांत लहानाचा मोठा झाला. सातव्या वर्षीं तो तींत शिरला आणि पंचविसाव्या वर्षीं बाहेर पडला. मनुष्याचें शिकण्याचें जें वय, तें सारें त्याचें कनातींच्या आड गेलें. तो मुलगा म्हणजे पुढें साताऱ्यास ज्यानें बेचाळीस वर्षें राज्य केलें तो छत्रपति शाहू होय.

त्याच्या राजकारणाची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्याच्या शिक्षणाची मात्र फारशी होत नाहीं. वास्तविक त्याचें राजकारण त्याच्या शिक्षणांतून निघालेलें आहे.

११ मार्च १६८९ रोजीं संभाजीमहाराजांचा वध झाला. रायगडास वेढा पडणार हें दिसत होतें. त्या वेळीं महाराणी येसूबाईनें जो निर्णय घेतला, त्याला इतिहासांत तोड थोडी सांपडेल. गादीचा वारस तिचा स्वतःचा मुलगा होता. परंतु सर्वांनीं एकाच गडावर अडकून राहणें धोक्याचें, म्हणून दीर राजाराम यांनीं बाहेर पडून राज्य राखावें आणि आपण मुलासह गड धरून राहावें, असा सल्ला तिनें दिला. राजाराममहाराज बाहेर पडले आणि पुढें जिंजीस पोंचले. गड सुमारें आठ महिने लढला. १६८९ च्या नोव्हेंबरांत तो वजीर असदखानाचा मुलगा झुल्फिकारखान याच्या हातीं आला, आणि येसूबाई, साडेसात वर्षांचा शाहू, शिवाजीमहाराजांची राणी सकवारबाई व त्यांचे सेवक यांना भीमेच्या कांठीं कोरेगांवच्या बादशाही तळावर नेण्यांत आलें. मुलाला राजा ही पदवी व सात हजारांची मनसब मिळाली. ही मनसब म्हणजे सोन्याची बेडीच होती. पण तिच्यामुळें मुलगा आईजवळ राहिला, ही गोष्ट लहान नव्हे.

येसूबाई ही शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांची कन्या. संभाजीमहाराज मोहिमेवर असतांना मुलकी कारभार पाहण्याचा अधिकार तिला होता व त्यासाठीं तिच्या नांवाचा स्वतंत्र शिक्का चालत असे. कागद वाचणें, न्याय ऐकणें, माणूस पारखणें हीं कामें तिनें प्रत्यक्ष केलेलीं होतीं. तेव्हां शाहूची पहिली शिक्षिका ही नुसती माया करणारी आई नव्हती. राज्य चालविलेली बाई होती.

आतां ही शाळा भरत होती कोठें, तें पाहिलें पाहिजे. मोंगल बादशहाचा तळ म्हणजे चालतें शहर. १६९५ सालीं गेमेल्ली कारेरी नांवाचा इटालियन प्रवासी कृष्णाकांठीं गलगली येथें ही छावणी पाहून गेला. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. तींत बाजार होते, टांकसाळीपासून तालमीपर्यंत सारे कारखाने होते, हत्ती, उंट, बैल यांचे तांडे होते. मध्यभागीं तांबड्या कापडाच्या कनातींनीं वेढलेली बादशहाची राहण्याची जागा असे; तिला गुलालबार म्हणत. शाहूच्या कुटुंबाचे तंबू याच आवाराशीं असत. बादशहाची अविवाहित कन्या झीनतुन्निसा बेगम हिचा या मायलेंकरांवर लोभ होता व तिच्या आधारानें त्यांचे पुष्कळ कठीण दिवस सुसह्य झाले, हें मराठी व मोंगली दोन्ही बाजूंचे लेखक सांगतात. शत्रूच्या मुलीनें केलेलें हें उपकाराचें काम शाहू जन्मभर विसरला नाहीं, आणि आपणही विसरूं नये.

त्या काळच्या शिक्षणाला इमारत लागत नसे, ही गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. फळीवर बारीक धूळ पसरावी, तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर काढावें, तें मोडावें व पुन्हां काढावें, ही धूळपाटी. छावणींत दुसरें कांहीं नसलें तरी धूळ भरपूर होती! धुळाक्षरें बसलीं कीं बोरूनें कित्ता गिरवावयाचा, मोडी वळण हातांत आणावयाचें, संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत परवचा म्हणावयाचा. पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ करावयाची. सरदाराच्या मुलास याच्या जोडीला घोडा, तलवार, भाला आणि रामायण-महाभारतांतील कथा. यांतील बहुतेक सर्व शिक्षण मुक्काम हलत असतांही होण्यासारखें होतें. मुक्काम हलल्यानें मोडत नाहीं असें शिक्षण म्हणजे पाठांतर. आपल्या जुन्या पद्धतींत पाठांतराला एवढें महत्त्व कां होतें, याचें एक कारण हेंही असावें कीं देश सदा हालचालींत होता.

या घरच्या शाळेला दुसराही शिक्षक होता. पन्हाळ्याकडील पुनाळचा जोत्याजी केसरकर हा विश्वासू सेवक कैदेंत शाहूच्या सोबतीस राहिला. अशा एकनिष्ठ माणसांच्या तोंडून मुलाला आपला मुलूख, आपले किल्ले, आपल्या आजोबांचे पराक्रम ऐकावयास मिळत. सभोंवतीं मात्र दुसरी शाळा भरलेली असे: बादशाही दरबाराची. कोणी कोठें उभें राहावें, कोणाला किती वेळां मुजरा करावा, अर्ज कसा करावा, रागावलेल्या धन्यापुढें कसें गप्प राहावें, हे धडे तेथें रोज मिळत. हिंदुस्थानी बोली व फारशीचा व्यवहार कानांवर रात्रंदिवस पडे. अशा रीतीनें एकाच मुलाला दोन शाळा होत्या, आणि त्यांचीं शिकवण एकमेकींच्या उलट होती. एक सांगे कीं, तूं शिवाजीचा नातू आहेस. दुसरी सांगे कीं, तूं बादशहाचा मनसबदार आहेस.

या ओढाताणीचा कस १७०० सालीं लागला. त्या वर्षींच्या दरबारी बातमीपत्रांत एक प्रसंग नमूद आहे. बादशहाला शाहू फिकट व कृश दिसला, म्हणून त्यानें चौकशी केली. तेव्हां कळलें कीं, आपण कैदेंत आहों म्हणून हा मुलगा शिजविलेलें अन्न खात नाहीं, फळें-मिठाई अशा पदार्थांवरच राहतो. बादशहानें त्याला निरोप पाठविला कीं, तूं कैदी नाहींस, स्वतःच्या घरींच आहेस, तरी अन्न खात जा. मुलाचें वय तेव्हां अठरा. हा नेम कोणत्याही पुस्तकांत शिकवीत नाहींत. तो ज्या तंबूंत पाळला गेला त्या तंबूंत काय शिकविलें जात होतें, हें ओळखावयास यापेक्षां अधिक पुरावा नको.

पुढें धर्मांतराचा प्रसंगही आला. शाहूनें मुसलमान व्हावें अशी सूचना बादशहाकडून झाली व त्यानें ती नाकारली. बखरकार सांगतात कीं, बेगमेच्या रदबदलीनें तें टळलें आणि शाहूच्या बदलीं प्रतापराव गुजरांचे पुत्र मुसलमान झाले. गुजरबंधूंचें धर्मांतर ही गोष्ट खरी आहे. शाहूनें राज्यावर आल्यावर त्या घराण्यास जिवापाड मानिलें हेंही खरें. बखरकाराचा मधला दुवा ज्यानें त्यानें आपल्या विवेकानें घ्यावा.

छावणींतील हें जीवन बाहेरून पाहणाऱ्यास थाटाचें वाटे. आंतून तें तसें नव्हतें. भीमा व माण या नद्या एरवीं उन्हाळ्यांत वाळूच्या पट्ट्यासारख्या दिसतात, पण त्यांचा पूर या भागांतील लोक जाणतात. १७०० च्या आक्टोबरांत खवासपूरच्या तळावर रात्रीं अवचित माणेचें पाणी चढलें. तंबू, जनावरें, माणसें वाहून गेलीं. अंधारांत मराठे आले अशी हूल उठली. खुद्द बादशहा गडबडीनें उठतांना पडला, त्याचा गुडघा निखळला व तो मरेपर्यंत लंगडत राहिला. ज्याच्या हुकुमानें किल्ले पडत होते त्याला आमच्या माणेसारख्या लहान नदीनें असें लंगडें केलें. पैशाचीही तीच तऱ्हा. अहमदनगरच्या मुक्कामाहून येसूबाईनें चिंचवडच्या देवांस लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. खर्चाची ओढ आहे, कर्ज झालें आहे, अशी त्यांत व्यथा आहे. सात हजारी मनसबदाराच्या आईला उसने पैसे मागण्याची पाळी यावी, यावरून त्या मनसबीचा अर्थ कळतो.

याच काळांत छावणीपासून थोड्या अंतरावर दुसरीच एक गोष्ट चालली होती. बादशाही तळ ब्रह्मपुरीस असतांना पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्ति सुरक्षिततेसाठीं जवळच्या देगांवीं नेऊन ठेवावी लागली होती. आणि तळ हलल्यानंतर तीन-चार वर्षांतच, १७०२ व १७०३ सालीं, नाझऱ्याच्या श्रीधरकवीनें आपले हरिविजय व रामविजय हे ग्रंथ पुरे केले. नाझरें हें माणेच्याच कांठचें, सांगोलें तालुक्यांतलें गांव. पुढें दोनशें वर्षें ज्या पोथ्यांवर मराठी घराघरांतील बायकामुलें वाचायला व ऐकायला शिकलीं, त्या पोथ्या लष्करांच्या टापा ऐकूं येत असतां लिहिल्या गेल्या. पंतोजीच्या शाळेंत न गेलेल्या कितीतरी आज्यांनीं नातवंडांना त्यांतून धर्म, नीति व भाषा शिकविली. घर ही शाळा असते, हें सांगावयास याहून निराळें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

मार्च १७०७ मध्यें अहमदनगरास औरंगजेब मरण पावला. शाहजादा आझम गादीसाठीं उत्तरेकडे निघाला. शाहूचें कुटुंबही त्याच्याबरोबर निघालें. भोपाळकडे दोऱ्हा येथें मे महिन्यांत शाहूची सुटका झाली, परंतु येसूबाई ओलीस म्हणून मागें राहिली. अठरा वर्षें जिनें मुलाला क्षणभर दृष्टीआड होऊं दिलें नाहीं, तिला तो राज्य मिळविण्यास निघाला त्याच दिवशीं सोडावा लागला.

आतां खरी परीक्षा होती. सात वर्षांचा असतां गेलेला मुलगा पंचवीस वर्षांचा होऊन परत आला. त्याला ओळखणार कोण? ताराबाईच्या पक्षानें उघड म्हटलें कीं, हा तोतया आहे. बखरींत अशी हकीगत आहे कीं, परसोजी भोसले यांनीं शाहूसह एका ताटांत जेवून लोकांची शंका फेडली. धनाजी जाधवानें बाळाजी विश्वनाथास पाठवून खात्री करून घेतली, आणि आक्टोबर १७०७ मध्यें खेडच्या लढाईच्या वेळीं धनाजी शाहूस मिळाला. माणसें तोतया ओळखतात तीं चेहऱ्यावरून नव्हे. बोलण्यावरून, वळणावरून, घरची रीत माहीत आहे कीं नाहीं यावरून. अठरा वर्षें मोंगली छावणींत राहिलेला तरुण मराठी जातिवंतांच्या पंक्तीला बसला व कोठें अडखळला नाहीं, हें येसूबाईच्या शाळेचें प्रशस्तिपत्रक समजावें. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास त्याचें राज्यारोहण झालें.

येतांना वाटेंत घडलेली एक गोष्ट सोलापूर जिल्ह्याला विशेष जिव्हाळ्याची आहे. औरंगाबादेकडे पारद या गांवाशीं चकमक झाली, तींत गांवचा लोखंडे पाटील पडला. त्याच्या बायकोनें आपलें तान्हें मूल आणून शाहूच्या पायांवर घातलें. शाहूनें तें मूल उचललें, पहिल्याच झुंजींत फत्ते झाली म्हणून त्याचें नांव फत्तेसिंह ठेविलें, आणि आपल्या मुलासारखें वाढविलें. हाच अक्कलकोट संस्थानचा मूळ पुरुष. जो स्वतः परक्या तंबूंत वाढला होता त्यानें आपल्या तंबूंत शत्रूपक्षाचें मूल वाढविलें, यांत बेगमेच्या वागणुकीची आठवण नसेल असें म्हणवत नाहीं. त्याच सालीं तो खुलदाबादेस औरंगजेबाच्या कबरीचें दर्शन घेऊन आला. पुष्कळांना हें अजूनही रुचत नाहीं. परंतु ज्याच्या आवारांत बाळपण गेलें त्याच्या थडग्यापुढें वाकणारा मनुष्य कृतघ्न नव्हता, एवढें तरी मान्य करावयास हरकत नसावी.

या शिक्षणांत उणीव नव्हती असें नाहीं. शिवाजीमहाराज बाळपणीं जिजाबाईबरोबर मावळांत वाढले. डोंगर त्यांच्या पायांखालीं होते. संभाजीमहाराज नवव्या वर्षीं, १६६६ सालीं, वडिलांबरोबर आग्र्यास जाऊन आले. परततांना मथुरेस एका ब्राह्मण कुटुंबांत वेष पालटून राहिले. प्रवासानेंच शिकण्याचा हा दुसरा प्रकार. त्यांत मुलाच्या अंगांत धाडस येतें. शाहूला डोंगर कनातीबाहेर दुरून दिसले. मोहीम स्वतः चालविण्याची हौस त्याला कधीं झाली नाहीं. शिकार, कुत्रीं, बागा यांत त्याचें मन रमे. आपल्या एका लाडक्या कुत्र्याला त्यानें पोषाख व पालखी दिल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. दिल्लीच्या तख्ताविषयीं त्याच्या मनांतला आदर शेवटपर्यंत गेला नाहीं. परंतु माणूस पारखणें, भांडणारांना समजुतीनें एकत्र ठेवणें, शब्द दिल्यास पाळणें हे गुण त्यानें त्याच छावणींत मिळविले. बाळाजी विश्वनाथ, पहिला बाजीराव, नानासाहेब या तीन पिढ्या त्यानें निवडल्या व वापरल्या. आजोबांचें धाडस अंगीं नसलेल्या नातवाच्या कारकीर्दींत मराठी राज्य नर्मदेपार गेलें, हें कोडें त्याच्या शिक्षणाकडे पाहिल्यावांचून सुटत नाहीं.

त्याच्या अक्षरओळखीचा पुरावाही शिल्लक आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं तो वारला. त्यापूर्वीं पेशव्यानें राज्याचा कारभार पाहावा अशा आशयाच्या दोन याद्या त्यानें स्वदस्तुरें, म्हणजे स्वतःच्या हातानें लिहिल्या. त्यांतील मोडी हात कोठें बसला? रायगडावर साडेसात वर्षांच्या मुलानें फार तर धूळपाटी धरली असेल. बाकीचा कित्ता कोरेगांव, गलगली, ब्रह्मपुरी अशा मुक्कामामुक्कामांवरच गिरविलेला आहे.

पेशवाईंतही कुटुंबें लष्कराबरोबर हिंडत राहिलीं. नाना फडणीस अठरा-एकोणीस वर्षांचे असतां आईस घेऊन पानिपतच्या स्वारींत गेले. आई तेथेंच अंतरली, आणि आपल्या लहानशा आत्मचरित्रांत त्यांनीं तो काळ लिहून ठेविला. त्या वयाच्या मुलानें जें पाहिलें व सोसलें, तें कोणत्या शाळेंत शिकवितां येईल? आणि कोणती आई असें शिक्षण मागेल?

आज भीमेच्या खोऱ्यांत उतरणाऱ्या ऊसतोडीच्या मुलांना मनसब नाहीं कीं कोणी बेगम नाहीं. १९९० नंतरच्या काळांत साखर कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. पुढें मुलें गांवींच राहावींत म्हणून हंगामी वसतिगृहें आलीं. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. परंतु ज्या कोपींत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, भाकरी थापते आणि मग जमल्यास पाटी धरते, तेथें हक्क पोंचावयास वाट लांबची पडते. येसूबाईजवळ पैसा नव्हता, पण दिवस होता. फडावरच्या आईजवळ दोन्ही नाहींत.

येसूबाईची सुटका व्हावयास १७१९ साल उजाडावें लागलें. बाळाजी विश्वनाथ सय्यदबंधूंच्या मदतीस दिल्लीस गेला, तेथून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, आणि त्या फौजेबरोबर शाहूची आई दक्षिणेंत आली. रायगड सोडल्यास तीस वर्षें होत आलीं होतीं. मुलाला पाहिल्यास बारा. सनदांची मोजदाद इतिहासकारांनीं बारकाईनें केली आहे. परंतु त्या मोहिमेसाठीं शाहूनें पेशव्याला जीं कामें नेमून दिलीं होतीं, त्यांत आईला सोडवून आणणें हें एक होतें, आणि साताऱ्यास त्या वेळीं ज्याची वाट पाहिली जात होती तें सनदांचें ओझें नव्हतें.